मनात अढी असताना माझा विश्वास खरा म्हणावा का?

‘मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका बहिणीविषयी माझ्या मनात प्रीती उरलेली नाही, मग माझे तारण झाले आहे, म्हणजे देवाने मला पापातून सोडवले आहे, असे मी कशाच्या आधारावर म्हणू?’ हा प्रश्न विश्वासी लोकांकडून मला वारंवार ऐकायला मिळतो आणि तो विचारणारी माणसे बहुधा मंडळीत मनापासून सेवा करणारी असतात. त्यांपैकी एका ताईंची हकीकत, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, येथे देत आहे.

ताई नगर जिल्ह्यातल्या, निवृत्त शिक्षिका. मुलाच्या संसारात कुरबुरी सुरू झाल्या तेव्हा त्यांनी एका जुन्या मैत्रिणीजवळ मन मोकळे केले. पुढच्याच आठवड्यात महिला मंडळाच्या सभेत त्या मैत्रिणीने डोळे मिटून, नाव घेऊन, सून माहेरी निघून गेल्याची गोष्टही ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून सर्वांसमोर मांडली. तेव्हापासून ताई तिला सलाम करायचे टाळू लागल्या आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभू येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या वेळी बाकावरून उठेनाशा झाल्या. कारण जो प्रीती करत नाही तो मरणात राहतो, हे बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रातले वचन त्यांच्या मनातून हलत नव्हते.

अशी अढी आमच्याकडे इतकी खोल का जाते, हे समजून घ्यायला हवे. नगरला १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाल्यानंतरच्या काळात ज्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांतल्या अनेकांना नातलग दुरावले आणि मंडळी हेच त्यांचे घर झाले. त्यांचे वंशज आजही त्याच मंडळ्यांमध्ये सोयरिकींनी एकमेकांत गुंतलेले आहेत. तेथे मन दुखावले तर माणसाला जायला दुसरी जागा राहत नाही.

मी ताईंना विचारले, ‘ती आज रात्री दवाखान्यात दाखल झाली, तर तुम्ही काय कराल?’ त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘डबा नेऊन देईन. पण तिच्याजवळ बसणार नाही.’

योहान त्याच अध्यायात पुढे गरजू भावाचा विषय काढतो आणि नुसत्या शब्दाने नव्हे, तर कृतीने व सत्याने प्रीती करा असे सांगतो. मनात जिव्हाळा दाटून येतो की नाही, यावर तो कसोटी ठेवत नाही. म्हणून डबा नेण्याची ताईंची तयारी मला फार मोलाची वाटली. त्यालाच लागून, आपले मन आपल्याला दोषी ठरवते तेव्हा देव आपल्या मनापेक्षा थोर आहे, असेही त्याने लिहिले आहे. काही जण सोडून गेल्याने हादरलेल्या मंडळीला खात्री मिळावी म्हणून लिहिलेले हे पत्र, आधीच अपराधी वाटणाऱ्यांवर चाबकासारखे वापरले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

फिलिप्पै येथील मंडळीत युवदीया आणि सुंतुखे या दोघींचे पटत नव्हते. प्रेषित पौलाने त्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात दोघींना नावानिशी एकचित्त होण्याची विनंती केली, त्यांना मदत करण्यास आपल्या एका सोबत्याला सांगितले आणि त्या सुवार्तेसाठी आपल्याबरोबर झटल्याची आठवणही दिली. त्यांच्या विश्वासाविषयी मात्र शंका घेतली नाही.

याचा अर्थ अढी तशीच राहू द्यावी असा नाही. ताईंनी आपले दुःख बहिणीला, जावेला आणि पाळकबाईंना सांगितले होते. फक्त जिने दुखावले तिला सांगितले नव्हते. मत्तयाच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे एकांतात जाऊन बोलावे, झाले तेवढेच सांगावे आणि तिच्या हेतूचा निवाडा करू नये, असे आम्ही ठरवले. (जेथे मारहाण, धमकी किंवा पैशांची फसवणूक असते, तेथे एकट्याने जाण्याचा सल्ला मी देत नाही. असा गुन्हा झाकून ठेवणे ही प्रीती नव्हे.)

भेट फारशी गोड झाली नाही. ‘मी तर तुझ्या भल्यासाठीच प्रार्थना केली,’ असे मैत्रीण आधी म्हणाली आणि मग, ‘विचारायला हवे होते,’ एवढे तिने मान्य केले. ताईंनी ते स्वीकारले. घरातल्या गोष्टी त्या तिला आता सांगत नाहीत आणि तसे करण्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही, कारण क्षमा केली तरी विश्वास पुन्हा बसायला वेळ लागतो. प्रभुभोजन त्या पुन्हा घेऊ लागल्या आहेत. ज्याच्या घरची गोष्ट आहे त्याला विचारल्याशिवाय ती प्रार्थनेत मांडायची नाही, अशी सूचना त्यांनी महिला मंडळात केली आणि ती मान्य झाली.