दूध सोडलं, आणि सगळं खापर त्याच्यावर फुटलं

मुलगी किंवा मुलगा व्हीगन झाला म्हणून हवालदिल झालेले आईवडील हल्ली माझ्या दादरच्या आहार-सल्ल्याच्या क्लिनिकमध्ये बरेच येतात. मांसाहार सोडला तर आपल्याकडे कोणाला फारसं वाटत नाही, उलट कौतुकच होतं. पण दूध, दही, ताक, तूप, पनीर, इतकंच काय मधसुद्धा बंद म्हटलं की घर हादरतं. 'आता हिला ताकद कुठून येणार?' हा प्रश्न ठरलेला. त्यातली एक केस जरा सविस्तर लिहिते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

अनुजा पंचविशीची. राहायला मुलुंडला, नोकरी बीकेसीत. घर पूर्ण शाकाहारी. गोरेगावकडच्या एका तबेल्यात रेडकांचे हाल बघून आली आणि तेव्हापासून दूध बंद. त्याला आठ महिने झाले होते. आता केस गळत होते, तोंड सारखं यायचं, कुर्ला स्टेशनचा पूल चढताना धाप लागायची. आईंनी तपासण्या करूनच आणल्या होत्या: हिमोग्लोबिन ९.८, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ८, बी१२ १४२, ड जीवनसत्त्व १४. चारही आकड्यांखाली लाल पेनाने रेघा मारलेल्या.

"बघा मॅडम, आठ महिन्यांत काय करून घेतलंय. तुम्ही हिला दूध सुरू करायला सांगा, बाकी काही नको. उद्या लग्न करायचंय हिचं."

"आई, तू काहीही लग्नावर नेऊन ठेवतेस," अनुजा म्हणाली.

मी तो विषय बाजूला ठेवला आणि अनुजाला विचारलं, सोडायच्या आधी तू दूध पीत किती होतीस? दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. चहात घालायचं तेवढं. कपभर दूध शाळेनंतर कधी प्यायलेलं तिला आठवत नव्हतं. दही कधीतरी, ताक उन्हाळ्यात. पनीर हॉटेलात गेलं तर.

आता बी१२चं गणित बघा. हे जीवनसत्त्व कुठलीच वनस्पती तयार करत नाही, ते जिवाणू करतात आणि प्राण्यांमार्फत आपल्यापर्यंत येतं. मोठ्या माणसाची रोजची गरज दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅमची. पेलाभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम मिळतं. चहातल्या दोन चमचे दुधात जवळजवळ काहीच नाही. पण शरीर ते यकृतात बँकेतल्या ठेवीसारखं साठवून ठेवतं, आणि ती ठेव चांगली असेल तर संपायला दोन ते पाच वर्षं लागतात. म्हणजे आठ महिन्यांत एखादीचं बी१२ १४२वर आलं असेल, तर दूध सोडलं त्या दिवशीच तिची ठेव तळाला गेलेली असणार. खालची मर्यादा २००च्या आसपास धरतात, ती हिने बहुधा चहा पिता पिताच ओलांडली होती.

हे मी आईंना सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही. साहजिक आहे. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने जे काम केलंय, त्यातून हेच पुढे आलं की आपल्याकडे बी१२ची कमतरता सर्रास आहे, आणि त्यात दूध घेणारे शाकाहारीही भरपूर आहेत. बोलता बोलता आईंनी चपलेतून पाय काढून तळवे चोळले. मी विचारलं, मुंग्या येतात का? म्हणाल्या, "वयानं होतं हो ते." वय चोपन्न. त्यांनाही तपासणी करायला लावली. दिवसातून तीनदा दुधाचा चहा घेणाऱ्या आईंचं बी१२ मुलीपेक्षाही कमी निघालं. त्यानंतर आमच्या बैठकांत 'दूध सुरू कर' हा मुद्दा आला नाही.

याचा अर्थ व्हीगन आहाराला सगळं माफ असा मात्र कोणी घेऊ नये. थोडंफार दूध पिणाऱ्याला निदान थोडंफार मिळतं. व्हीगन माणसाची ती वाटच बंद होते. अनुजाला कोणीतरी सांगितलं होतं की स्पिरुलिनात बी१२ असतं. त्या हिरव्या गोळ्यांवर ती दरमहा बरेच पैसे घालवत होती. स्पिरुलिनात जे असतं त्यातलं बरंचसं आपल्या शरीराला वापरता न येणारं, नुसतं बी१२सारखं दिसणारं रसायन असतं. आंबवलेलं पीठ, न धुतलेल्या भाज्या, मोड आलेली कडधान्यं यांवरही भिस्त ठेवता येत नाही. गोळी घ्यावी लागते, यात घासाघीस नाही. इंग्लंडमध्ये व्हीगन सोसायटी स्थापन झाली १९४४ साली, आणि बी१२ वेगळं काढता आलं १९४८मध्ये. म्हणजे चळवळ सुरू करणाऱ्यांना ही भानगड माहीतच नव्हती. आज तीच सोसायटी स्पष्ट सांगते की बी१२ घातलेले पदार्थ नियमित खा, नाहीतर रोज किमान १० मायक्रोग्रॅमची किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅमची गोळी घ्या. आकडे असे विचित्र वाटतात कारण एका वेळी आतडं जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम नीट शोषतं, वरच्या मोठ्या मात्रेतलं एखादाच टक्का आत जातं.

अर्थात हे प्रमाण बी१२ टिकवून ठेवण्यासाठी. अनुजाचं आधीच घसरलेलं होतं, म्हणून तिला फिजिशियनकडे पाठवलं. त्यांनी सुरुवातीला इंजेक्शनं दिली, मग गोळ्या, सोबत लोह. आणखी एक गोष्ट मी व्हीगन मंडळींना मुद्दाम सांगते. डाळी आणि पालेभाज्यांमुळे त्यांचं फोलेट, म्हणजे रक्त बनवायला लागणारं आणखी एक बी जीवनसत्त्व, बहुतेक चांगलं असतं. त्यामुळे बी१२ कमी असूनही रक्ताच्या साध्या तपासणीत ते लपून राहू शकतं, आणि तोवर नसांचं नुकसान चालू राहतं. 'हिमोग्लोबिन बरं आहे' म्हणून निर्धास्त राहायचं नाही, बी१२ वेगळं मोजायचं.

मग वळलो ताटाकडे. आदल्या दिवशी काय काय खाल्लं ते मी लिहून घेतलं. सकाळी कोरी कॉफी आणि दोन टोस्ट. डब्यात पोळी आणि बटाट्याची किंवा भेंडीची सुकी भाजी. डाळ नाही, कारण लोकलच्या गर्दीत सांडते. संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव. रात्री भात आणि वरण. जोडीला बदामाचं दूध, गाईच्या दुधाच्या तिप्पट-चौपट भावाचं. त्याच्या खोक्यावरचा तक्ता मी तिला वाचायला लावला: पेल्याला प्रोटीन एक ग्रॅमच्या आसपास. तिचा चेहरा पडला. वडापाव व्हीगन आहे, फ्रेंच फ्राइज व्हीगन आहेत, पण त्यानं पोषण होत नाही एवढं तिलाही कळत होतं.

वरणावर आमचं बरंच बोलणं झालं. चौघांच्या दोन वेळच्या वरणाला डाळ किती घेता, असं मी आईंना विचारलं. "एक वाटी." माझ्याकडची वाटी भरून तूरडाळ काट्यावर ठेवली, सव्वाशे ग्रॅमला थोडी कमी. आठ वाढण्यांत वाटली तर माणशी पंधरा ग्रॅम डाळ, म्हणजे साडेतीन ग्रॅम प्रोटीन. आपण मुंबईकर वरण पातळ करतो, भातावर पसरायला बरं पडतं, आणि वर 'डाळ खातो ना रोज' असं समाधानही असतं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) हिशोबाने ५५ किलोच्या बाईला रोज ४६ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागतं. दूध पिऊनही हे घर तिथवर पोचत नव्हतं.

डाळ दुप्पट करा, इथून सुरुवात केली. डब्यात सांडणारी आमटी नको असेल तर सुकी उसळ द्या: मटकी, चवळी, काळे वाटाणे, वालाचं बिरडं. सकाळच्या टोस्टऐवजी मुगाचं धिरडं किंवा भाजणीचं थालीपीठ. आठवड्यातून दोन-तीनदा सोयाचे वडे (सुके सोया चंक्स), तीस ग्रॅम सुक्या वड्यांत पंधरा ग्रॅम प्रोटीन मिळतं. ऑफिसच्या खणात फुटाणे आणि शेंगदाणे. पिठलं-भाकरीला तर काही बदलायचंच नाही. प्रोटीन पावडर घेऊ का, असं अनुजाने विचारलं. इतकं सगळं खाल्ल्यावर तिची गरज नव्हती.

आईंना खरी काळजी करायचीच होती तर ती कॅल्शियमची करायला हवी होती. रोजची गरज १००० मिलिग्रॅम. दूध-दही चांगलं खाणाऱ्या घरात त्यातलं बरंचसं तिथूनच येतं, ते गेलं की ठरवून भरून काढावं लागतं. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणून रोज एक नाचणीची भाकरी. न सोललेल्या तिळाची चटणी दीड चमचा. मेथी, मुळ्याचा पाला, शेवग्याचा पाला. पालक या यादीत नाही: त्यात कॅल्शियम आहे, पण ऑक्झलेटमुळे अंगी फारच थोडं लागतं. टोफू घेताना कॅल्शियमने गोठवलेला आहे का ते बघायचं. आणि बदामाच्या दुधाऐवजी कॅल्शियम घातलेलं सोया दूध. ते खोकं ओतण्याआधी दणकून हलवायचं, कारण घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं. न हलवता ओतलं तर वरचं पाणचट आपण पितो आणि पैसे दिलेला ऐवज खोक्याबरोबर कचऱ्यात जातो. नारळाचं दूध चवीला कितीही छान असलं तरी या हिशोबात धरू नका.

लोहाचं दुखणं वेगळंच होतं. बायकांना रोज २९ मिलिग्रॅम लागतं, वनस्पतींमधलं लोह मुळातच कमी शोषलं जातं, त्यात अनुजा जेवण झालं की लगेच कॉफी प्यायची. कॉफी जेवणापासून तासभर लांब नेली, उसळीवर लिंबू पिळायला सांगितलं, मोड आणायला आणि आंबवायला सांगितलं. आंबोळी, इडली यांत लोह-जस्त अडवून धरणारं फायटेट कमी होतं आणि लोह-जस्त जास्त मिळतं. बाकी काम गोळ्यांचं.

बाकीचं भरभर सांगते. जवसाची चटणी रोज चमचाभर, भाजून कुटलेली, कारण अख्खं जवस जसंच्या तसं बाहेर पडतं. मीठ आयोडिनयुक्तच, हिने मोबाइलवर काहीतरी बघून सैंधव सुरू केलं होतं, तो दूधही न घेणाऱ्यांसाठी वाईट सल्ला आहे. ड जीवनसत्त्वाच्या पुडीवर तिने फार चांगला प्रश्न विचारला: हे येतं कशातून? नेहमीचं डी३ बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात. दगडफुलाच्या जातीच्या लायकेनपासून केलेलं डी३ मिळतं, डी२ही चालतं. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं आहे का, तेही बघावं लागतं. बिस्किटांवरचा हिरवा ठिपका बघून ती फसत होती. तो शाकाहाराचा आहे, आत मिल्क सॉलिड्स असू शकतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) २०२२चा व्हीगन पदार्थांचा नियम आहे, त्याप्रमाणे मान्यता मिळालेल्या पाकिटावर इंग्रजी व्हीचं हिरवं चिन्ह असतं. तेही नसेल तर घटकांची यादी वाचायची.

तीन महिन्यांनी दोघी पुन्हा आल्या. हिमोग्लोबिन ११.९, बी१२ चारशेच्या वर. फेरिटिन अजून रेंगाळत होतं, ते रेंगाळतंच. धाप थांबली होती, केसांना आणखी वेळ लागेल असं सांगितलं. आईंच्या मुंग्याही कमी होत्या. घरात आता सगळेच घट्ट वरण खातात, फक्त अनुजाचं तेलाच्या फोडणीचं आणि बाकीच्यांचं वर तूप.

उठता उठता आईंनी गणपतीचं विचारलं. मोदकावर तूप नाही हे त्यांनी मान्य केलं होतं, अनुजा ते कोकणातल्या शिरवाळ्यांसारखे (तांदळाच्या शेवया) नारळाच्या रसात बुडवून खाणार होती. प्रश्न पंचामृताचा होता. "तीर्थ तरी घेईल ना ही? तुम्ही सांगितलंत तर ऐकेल." मी म्हटलं, चमचाभर पंचामृताने हिच्या रिपोर्टमध्ये कणभरही फरक पडणार नाही, घेतलं तरी आणि नाही घेतलं तरी, म्हणजे हा आहाराचा प्रश्नच नाही, तुम्ही दोघींनी घरी ठरवा. अनुजाला मात्र एक तारीख लिहून दिली: सहा महिन्यांनी बी१२, फेरिटिन आणि ड जीवनसत्त्व पुन्हा, आणि पुढे कधी गरोदरपणाचा विचार असेल तर त्याच्या आधीच डॉक्टरांना व्हीगन असल्याचं सांगायचं. बी१२ची गोळी त्या काळात एक दिवसही थांबवायची नाही.