चेंडू यायच्या आधी काय होतं, ते लेकीला बघू द्या

वाई तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय: मुलगी सहावीत आहे, शाळेच्या मातीच्या मैदानावर हॉकी खेळते. सरांनी सांगितलं, मोठ्या महिला संघांचे सामने बघत जा. म्हणून मायलेकींनी राजगीरच्या आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीचे सामने मोबाईलवर पाहिले. पण चेंडू इतका वेगात जातो की गोल झाल्यावरच कळतं. मग नेमकं बघायचं काय? आणि मातीवर खेळणारी पोर तिथपर्यंत जाऊ शकते का?

ताई, मी स्वतः विद्यापीठापर्यंत खेळले आणि नंतर सातारा जिल्ह्यातच पंचवीसेक वर्षं मुलींना हॉकी शिकवली. तुमचे दोन्ही प्रश्न मला एकच वाटतात, म्हणून सविस्तर लिहिते.

चेंडू दिसत नाही याची काळजी सोडा. मोबाईलवर तो मलाही दिसत नाही. शक्य असेल तर सामना टीव्हीवर लावा. पण टीव्हीवरही पहिली पंधरा मिनिटं तिला चेंडू बघू देऊ नका. एकच खेळाडू निवडायला सांगा, आणि ती बचावफळीतली किंवा मधल्या फळीतली असू द्या. गोल करणाऱ्या मुलीकडे सगळ्यांचेच डोळे असतात, शिकण्यासारखं मात्र मागे जास्त असतं.

राजगीरचंच बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये बिहारमध्ये सहा संघांची ही स्पर्धा झाली: भारत, चीन, जपान, दक्षिण कोरिया, मलेशिया आणि थायलंड. आपण सातही सामने जिंकलो. आपल्या आघाडीच्या फळीतल्या दीपिकाने ११ गोल केले, थायलंडला १३-० हरवलं, हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की सात सामन्यांत आपल्यावर फक्त दोन गोल झाले. त्याच वर्षी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रौप्य जिंकलेला चीन समोर होता. त्यांना आपण साखळीत ३-० आणि अंतिम सामन्यात १-० हरवलं. दोन्ही वेळा चीनला आपल्यावर एकही गोल करता आला नाही. आणि त्या बचावफळीत आपल्या फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके होती. तुमच्या लेकीला हे नाव आधी सांगा. घरापासून दोन तासांच्या अंतरावरची मुलगी आहे म्हटल्यावर ती वेगळ्या डोळ्यांनी बघेल.

आता वैष्णवीकडे किंवा त्याच बचावफळीतल्या उदिताकडे बघताना काय बघायचं? चेंडू तिच्याकडे यायच्या आधीचे दोन-तीन क्षण. मान कुठे वळते ते बघा. चांगली खेळाडू चेंडू यायच्या आधी एकदा डाव्या आणि एकदा उजव्या खांद्यावरून मागे बघून घेते. आपल्या मागे कोण आहे, मोकळी जागा कुठे आहे, हे तिला चेंडू स्टिकला लागायच्या आधी ठाऊक असतं. शाळेतल्या मुली काय करतात? चेंडू आधी थांबवतात, मग मान वर करून कोणाला द्यायचा ते शोधतात. तेवढ्यात समोरची अंगावर आलेली असते. लेकीला वही द्या आणि एका क्वार्टरमध्ये, म्हणजे पंधरा मिनिटांत, त्या खेळाडूने किती वेळा मान वळवली ते मोजायला सांगा. माझ्या मुली हे काम आवडीने करायच्या. दुसऱ्या दिवशी मैदानावर त्यांच्या माना आपोआप वळू लागायच्या.

त्यानंतर पहिला स्पर्श. चेंडू स्टिकवर आला की तो जागच्या जागी मेल्यासारखा थांबतो, की हातभर बाजूला, मोकळ्या जागेत जातो? मोठ्या खेळाडूंचा चेंडू बहुधा थांबतच नाही. रिसीव्ह करताना त्याच हालचालीत तो पुढच्या दिशेला वळवलेला असतो. एक सेकंद वाचतो, आणि त्या एका सेकंदावरच हा खेळ चालतो.

तिसरी गोष्ट, चेंडू हातचा गेल्यावर ती काय करते. कपाळाला हात लावते, की लगेच उलटी पळते? बदली खेळाडूंवर मर्यादा नसते. बाहेर गेलेली मुलगी पुन्हा आत येऊ शकते, कितीही वेळा. म्हणून आतली प्रत्येक जण जीव तोडून पळते आणि दमली की बाहेर येते. कोण कधी बाहेर येते आणि बाकावर बसून प्रशिक्षकाशी काय बोलते, हेही बघण्यासारखं असतं, पण कॅमेरा ते क्वचितच दाखवतो.

म्हणूनच माझा आग्रह असतो की वर्षातून एकदा तरी मुलीला प्रत्यक्ष मैदानावर न्या. मार्च २०२४ मध्ये वरिष्ठ महिलांची राष्ट्रीय स्पर्धा पिंपरीच्या नेहरूनगरमधल्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर झाली. आम्ही नऊ मुलींना घेऊन साताऱ्याहून पहाटेची एसटी धरली होती. महाराष्ट्राच्या मुली अंतिम सामन्यापर्यंत गेल्या आणि हरयाणाकडून हरल्या. पण गॅलरीतून सगळं मैदान एका नजरेत दिसतं. चेंडू एका टोकाला असताना दुसऱ्या टोकाची बचावपटू कशी सरकत राहते, ते मुलींनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. परतीच्या गाडीत एक जण म्हणाली, "मॅडम, ज्यांच्याकडे चेंडू नाही त्याच जास्त पळतात." त्या एका वाक्यासाठी एसटीचं भाडं वसूल झालं.

आता पेनल्टी कॉर्नर, कारण सामने इथेच फिरतात. लेकीला नियम माहीत असतील, तुमच्यासाठी थोडक्यात सांगते. बचाव करणाऱ्यांनी डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोल आखलेल्या भागात, चूक केली की समोरच्या संघाला ही संधी मिळते. गोलरेषेच्या मागे गोलकीपर धरून पाचच बचाव करणाऱ्या, बाकीच्या मधल्या रेषेपलीकडे. एक मुलगी मागच्या रेषेवरून चेंडू बाहेर ढकलते, डीच्या बाहेर दुसरी तो अडवते आणि तिसरी मारते. चेंडू डीच्या बाहेर गेल्याशिवाय गोलवर मारता येत नाही. पहिला फटका हिट, म्हणजे स्टिक मागे घेऊन जोरात मारलेला, असेल तर तो गोलमागच्या पाटीच्या उंचीच्या आतच राहायला हवा, ड्रॅग फ्लिकला, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन उचलून फेकण्याला, मात्र ती अट नाही. म्हणून जग ड्रॅग फ्लिकमागे लागलं. पण तुमच्या लेकीने फ्लिक करणारीकडे बघू नये. ढकलणारीचा चेंडू एकाच रेषेत, दर वेळी त्याच वेगाने जातो का, आणि अडवणारी तो पहिल्या प्रयत्नात अडवते का, ते बघावं. ही दोन कामं चोख झाली नाहीत तर जगातली उत्तम फ्लिकरही काही करू शकत नाही.

१९ जानेवारी २०२४ चा रांचीचा सामना मी आजही विसरलेले नाही. जपानला हरवलं की पॅरिसचं तिकीट मिळणार होतं. सहाव्या मिनिटाला जपानने पेनल्टी कॉर्नरवर गोल केला आणि आपण ०-१ असे हरलो. आपल्यालाही कॉर्नर मिळत होते, एकही आत गेला नाही. टोकियोमध्ये ऑस्ट्रेलियाला हरवून चौथा आलेला संघ पॅरिसला गेलाच नाही. मी त्या रात्री जेवले नाही. दहा महिन्यांनी राजगीरच्या अंतिम सामन्यात ३१व्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवरच दीपिकाने तो एकमेव गोल केला, तेव्हा मला आधी रांची आठवली.

हरलेले सामनेही तिला दाखवा. सप्टेंबर २०२५ मध्ये हांगझोच्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात पहिल्याच मिनिटाला नवनीत कौरने गोल केला, आणि तरी चीनने आपल्याला ४-१ हरवलं. विश्वचषकाचा थेट प्रवेश त्यांना मिळाला. आघाडी घेतल्यावर आपल्या मधल्या फळीतलं अंतर कसं वाढत गेलं, हे दुसऱ्यांदा बघताना दिसतं. राजगीरचा कोरियाविरुद्धचा सामनाही तसाच शिकवणारा आहे. २-० वरून तिसऱ्या क्वार्टरमध्ये २-२ झालं, शेवटी दीपिकाच्या पेनल्टी स्ट्रोकने, म्हणजे समोर फक्त गोलकीपर असताना मारायच्या फटक्याने, वाचलो. स्पर्धेत आपल्यावर झालेले ते दोनच गोल.

मातीचं आता. तुम्हाला खोटी आशा दाखवायची नाही, म्हणून माझाच अनुभव सांगते. आम्ही विद्यापीठाकडून पहिल्यांदा टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, उतरलो तेव्हा आयुष्यात टर्फ पाहिलेलं नव्हतं. पहिल्या दहा मिनिटांत आमच्यावर चार गोल झाले. चेंडू आमच्या अंदाजाच्या आधीच पोहोचायचा. स्टिक खाली जाईपर्यंत तो मागे गेलेला असायचा. मातीवर चेंडू खड्ड्याला लागून उडतो, म्हणून आपली पोर स्टिक उभी धरून, खाली मान घालून, जपून थांबवायला शिकते. टर्फवर पाणी मारलेलं असतं, चेंडू सरपटत येतो, तिथे गुडघे वाकवून खाली बसावं लागतं. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकपासून मोठं हॉकी कृत्रिम मैदानावर गेलं आणि छोट्या गावांच्या मुली मागे पडल्या, हे खरं आहे.

पण मागे पडतं ते काय, ते नीट समजून घ्या. वेगाची सवय मागे पडते. मान वळवणं, पहिला स्पर्श, चेंडू गेल्यावर उलटं पळणं, यातलं काहीच टर्फवर अवलंबून नाही. ते सहावीतल्या मुलीने मातीवर पक्कं केलं, तर टर्फची सवय काही महिन्यांत होते. ते न करता टर्फवर आलेल्या मुली मी पाहिल्यात, त्यांची पळापळ छान दिसते आणि चेंडू दुसऱ्याच्याच ताब्यात असतो.

वेगासाठी घरी एक करता येईल. अंगणात किंवा गच्चीवर सिमेंटचा कोबा असेल तर त्यावर पाणी शिंपडा. भिंतीपासून चार-पाच पावलांवर तिला उभी करा आणि पुश करून परत आलेला चेंडू एकाच स्पर्शात डावीकडे किंवा उजवीकडे वळवायला सांगा. तुम्ही मागे उभ्या राहा आणि चेंडू भिंतीकडे गेला की बोटं वर करा. किती बोटं होती, ते तिने चेंडू परत यायच्या आत मागे बघून सांगायचं. रोज पंधरा मिनिटं पुरे. जुनी स्टिक वापरा, कोब्यावर घासली जाते. ओल्या कोब्यावर पाय घसरतो, तेव्हा बुटांशिवाय नको.

स्टिकवरून आठवलं. दुकानदार जास्त कार्बनची महागडी स्टिक गळ्यात मारतील. अकरा वर्षांच्या मुलीला ती नको. ती कडक असते, चेंडू तिच्यावरून उडून जातो आणि पहिला स्पर्शच बिघडतो. कमी कार्बनची साधी कंपोझिट घ्या, उंची कमरेच्या हाडाच्या थोडी वरपर्यंत. उरलेल्या पैशांतून शिन गार्ड आणि माउथ गार्ड घ्या, आणि त्यांच्याशिवाय तिला मैदानावर पाठवू नका.

पुढचा रस्ता शालेय स्पर्धांमधून जातो: तालुका, जिल्हा, मग आपला कोल्हापूर विभाग, मग राज्य. राज्य शासनाच्या निवासी क्रीडा प्रबोधिनीत हॉकी आहे, तिथे शाळा आणि टर्फ दोन्ही मिळतं. निवडीला धावणं, उडी, लवचिकता अशा चाचण्या असतात, त्यामुळे नुसती स्टिक चांगली असून भागत नाही. वयाची अट आणि तारखा मात्र स्वतः जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा. शाळेला पत्र येईल म्हणून थांबू नका. माझी एक फार गुणी मुलगी होती, लेफ्ट हाफ खेळायची. तिच्या निवड चाचणीचं पत्र आमच्या हाती पडलं ते चाचणी होऊन गेल्यावर तीन दिवसांनी. पुढच्या वर्षी ती वयात बसली नाही. मी तेव्हा फोन करून विचारलं असतं तर, हा विचार अजून येतो. शाळा सुरू झाली की जून-जुलैत एक चक्कर मारा.

आणि हो, ऋतुजा पिसाळचं नाव तिला सांगायचं राहिलं. तीही आपल्या सातारा जिल्ह्याची. महिलांची पहिली हॉकी इंडिया लीग झाली, तिचा अंतिम सामना २६ जानेवारी २०२५ ला रांचीत होता. ओडिशा वॉरियर्सने सूरमा संघाला २-१ हरवलं आणि ओडिशाचे दोन्ही गोल ऋतुजाचे. हांगझोच्या संघात ती आणि वैष्णवी दोघी होत्या. रांचीचा तो सामना मिळाला तर लावा, आणि ऋतुजाचे गोल बघताना चेंडू तिच्याकडे यायच्या आधी ती कुठे उभी होती, तिथून मागे जाऊन बघा. लेकीला काय दिसलं ते इथे नक्की लिहा, मी वाचेन.