आकडे गावचे, चावी कुणाकडं?

वाचकांचे प्रश्न: आरोग्याच्या नोंदी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच दिशेनं बोट दाखवतात. आरोग्याचे आकडे जिथं तयार होतात तिथंच ते उपयोगी पडावेत, हे जमायचं कसं?

प्रश्न : तेच आकडे आम्ही चार-पाच पोर्टलवर भरतो. आता एका संस्थेच्या मदतीनं तालुक्याची स्वतःची प्रणाली उभी करायचं घाटतंय. सुरुवात कोणत्या सॉफ्टवेअरनं करावी? (सांख्यिकी काम पाहणारे एक कर्मचारी, शाहूवाडी तालुका)

सॉफ्टवेअरनं करू नका. नाहीतर तुमचं सहावं पोर्टल तयार होईल, एवढंच.

एक उपकेंद्र आणि एक महिना निवडा. गरोदर मातांचं रजिस्टर, ड्यू लिस्ट (कुणाची लस वा तपासणी आता द्यायची आहे ती यादी), लसीकरण, जन्म-मृत्यू, कुटुंब नियोजन, ओपीडी अशी सगळी रजिस्टरं एका टेबलावर मांडा. कोऱ्या कागदावर चार रकाने आखा : बाब कोणती, किती ठिकाणी लिहिली जाते, पुढं कुणाकडं जाते, आणि गेल्या तीन महिन्यांत त्या आकड्यावरून उपकेंद्रात कोणता निर्णय झाला. चौथा रकाना बहुतेक बाबींपुढं रिकामाच राहतो. वरून मागितलेली बाब तुम्हाला काढून टाकता येणार नाही; पण ती एकदाच लिहायची आणि बाकी सगळीकडं त्यातूनच काढायची, हे तुमच्या हातात आहे.

ही पद्धत नवी नाही. वर्णभेदी राजवट संपल्यावर, १९९० च्या दशकाच्या मध्यात, दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या आरोग्य जिल्ह्यांत हेच काम झालं, आणि त्यातूनच पुढं डीएचआयएस हे आरोग्याचे आकडे गोळा करायचं मुक्त (कुणालाही वापरता-बदलता येणारं) सॉफ्टवेअर आलं. पहिली आवृत्ती साध्या मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसवर चालायची. वेबवरची दुसरी आवृत्ती, डीएचआयएस-२, ऑस्लो विद्यापीठाच्या पुढाकारानं तयार झाली. ती केरळात वापरली गेली, आणि २०११ मध्ये केनियानं ती देशभर लागू केली. मात्र या सगळ्यातली टिकाऊ गोष्ट सॉफ्टवेअर नव्हे, एक नियम आहे : वरच्या पातळीनं कमीत कमी बाबी मागायच्या, खालच्या पातळीनं त्या गाळायच्या नाहीत, पण स्वतःच्या गरजेच्या बाबी हव्या तेवढ्या वाढवायच्या. भात लावणीच्या दिवसांत सर्पदंशाचे रुग्ण आणि शिल्लक प्रतिविषाच्या कुप्या दर आठवड्याला पाहायच्या असतील, तर त्यासाठी राज्याची परवानगी लागता कामा नये. असा रकाना तुमच्याच माणसाला एका दुपारी वाढवता आला, तर प्रणाली तुमची.

रकाने ठरले की आरोग्य संस्थांची, म्हणजे उपकेंद्रं, केंद्रं, रुग्णालयांची यादी करा. इथं घाई नडते. शिरोळ, शिरोली पुलाची, शिरोली दुमाला ही तीन नावं कोल्हापूर जिल्ह्यातल्या तीन वेगळ्या तालुक्यांतली. नावावरून जुळवणी केली की एकाचे आकडे दुसऱ्याच्या खात्यात जातात, आणि बेरीज बरोबर येत असल्यानं कुणाच्या लक्षातही येत नाही. प्रत्येक गावाला शासनाच्या एलजीडी या गावांच्या निर्देशिकेतला कोड आणि प्रत्येक संस्थेला एकच कायमचा कोड द्या. इमारत बदलली तरी कोड बदलायचा नाही, संस्था बंद पडली तरी तो दुसरीला द्यायचा नाही.

मग तपासणीचे नियम. पाच-सहा पुरे. त्यातले तीन :
- एखाद्या संस्थेत तिथल्या जिवंत जन्मांपेक्षा जन्मतःच्या बीसीजी लशीचा आकडा जास्त असेल तर विचारा.
- जिवंत आणि मृत जन्मांची बेरीज प्रसूतींपेक्षा कमी येऊच शकत नाही. जुळ्यांमुळं जास्त येऊ शकते.
- शून्य आणि रिकामी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘माता मृत्यू ०’ म्हणजे पाहिलं, झाला नाही. रिकामं म्हणजे कुणी पाहिलंच नाही.

नियमानं विचारणा करावी, नोंद अडवू नये. नोंद अडली की माणूस मशीनला पटेल असा आकडा भरतो, आणि खरी चूक कायमची झाकली जाते.

आधी एकच प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्याची उपकेंद्रं घ्या. निकषाप्रमाणं सपाटीवर केंद्र ३०,००० लोकसंख्येला आणि उपकेंद्र ५,००० ला. तुमच्या डोंगरी भागात २०,००० आणि ३,०००. कागद आणि संगणक दोन्ही दोन महिने चालवा, तिसऱ्या महिन्यात एक बंद करा. दोन्ही सुरूच राहिले तर सिस्टर रजिस्टर भरतील आणि संगणक महिनाअखेरीस कुणीतरी एका बैठकीत उरकेल.

प्रश्न : आमच्या उपकेंद्राचं पेंटा-३ चं (बाळांच्या पेंटा लशीच्या तिसऱ्या डोसचं) काम ११८ टक्के दिसतंय. बैठकीत सगळे हसतात. आम्ही खोटं लिहिलेलं नाही. (गटप्रवर्तक, शिरोळ तालुका)

ताई, अंश, म्हणजे डोस दिलेली बाळं, तुमचा खरा आहे; भाजक, म्हणजे टार्गेट, उसना आहे.

ज्याला आपण टार्गेट म्हणतो ते मोजलेलं नसतं, अंदाजानं काढलेलं असतं. लोकसंख्या ५,००० आणि जन्मदर हजारी १६ धरला तर वर्षाला ८० जन्म. वाया जाणाऱ्या गर्भधारणांसाठी १० टक्के वाढवून ८८ गरोदर माता. त्यातल्या निम्म्या, म्हणजे ४४ च्या आसपास, कोणत्याही दिवशी रजिस्टरवर दिसायला हव्यात. बालमृत्यू वजा जाता लसीकरणासाठी ७९ बाळं. तुम्ही ९३ बाळांना तिसरा डोस दिला असेल, तर ११८ टक्के झालेच.

वरची १४ बाळं कोण, हे ड्यू लिस्टवर नावानिशी तपासा. शिरोळात गळीत हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, वीटभट्ट्यांवर कुटुंबं उतरतात. शिवाय बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकी असतात. समजा, यातली ११ टोळीवरची निघाली. मग तुमच्या गावची ८२ उरली आणि टक्केवारी १०४ वर आली. एवढा फरक म्हणजे जन्मदराचा किंवा २०११ च्या जनगणनेवरून फुगवलेल्या लोकसंख्येचा अंदाज चुकला, असं समजायचं. आशांच्या घरोघरच्या सर्वेक्षणातली मोजणी भाजक म्हणून शेजारी मांडा आणि दोन्ही टक्केवारी बैठकीत न्या. बाहेरून आलेल्या बाळांसाठी वेगळा रकाना ठेवा. त्यांना गाळू मात्र नका, लस तुमच्याच साठ्यातून गेलीय.

टार्गेटवर न अवलंबणारा एक आकडा आहे, गळती : पेंटा-१ मधून पेंटा-३ वजा करायचा, पेंटा-१ नं भागायचं, शंभरनं गुणायचं. ४० पैकी ३४ म्हणजे १५ टक्के. १० च्या वर गेली की यादी काढून घरी जायचं. टोळी पहिला डोस इथं घेऊन मधेच निघून गेली की तुमची गळती वाढलेली दिसेल आणि तिच्या मूळ गावी ती उणे येईल. उणे गळती म्हणजे उत्तम काम नव्हे. स्थलांतर किंवा नोंदीतली चूक शोधण्याची ती खूण आहे.

प्रश्न : सर्व्हर कोल्हापुरातच ठेवला म्हणजे मालकी स्थानिक झाली, असं म्हणता येईल का? आमचं लहान धर्मादाय रुग्णालय आहे, एक कंपनी सॉफ्टवेअर द्यायला तयार आहे. (विश्वस्त, गडहिंग्लज)

नाही. खोली तुमची आणि पासवर्ड त्यांचा, असं असेल तर तुम्ही फक्त वीजबिल भरताय.

करारात चार गोष्टी लिहून घ्या. सगळा डेटा उघड्या स्वरूपात, रकान्यांच्या स्पष्टीकरणासह, केव्हाही आणि विनाशुल्क काढता यावा. मुख्य ॲडमिनचं खातं आणि वेबपत्ता संस्थेच्या नावावर असावा, एखाद्या कर्मचाऱ्याच्या खासगी ईमेलवर नव्हे. करार संपला तरी किमान सहा महिने वाचण्यापुरता प्रवेश राहावा. आणि फॉर्म बदलायचं शिक्षण तुमच्या दोन माणसांना मिळावं; एकच शिकला तर तो नोकरी सोडतो त्या दिवशी प्रणालीही जाते.

मुक्त स्रोतातला बहमनी हा रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरचा पर्याय पाहून घ्या. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग या रुग्णालयाच्या गरजेतून तो उभा राहिला. रुग्णनोंदीसाठी त्यात ओपनएमआरएस हे सॉफ्टवेअर आहे, प्रयोगशाळा आणि बिलिंगसाठी वेगळे भाग जोडलेले आहेत. परवाना फुकट असला तरी तो सांभाळणारा माणूस फुकट मिळत नाही. त्याचा पगार पहिल्या वर्षीच्या बजेटात धरा, देणगीतून नव्हे, नियमित खर्चात.

प्रश्न : पावसाळ्यात वीज नाही, रेंज नाही. वर एक्सेलमधून माहिती चढवली की नावांचा चुराडा होतो. (संगणक चालक, गगनबावडा)

रेंजचं आधी. डीएचआयएस-२ चं अँड्रॉइड ॲप ऑफलाइन नोंद ठेवतं आणि जोडणी मिळाली की पाठवतं. पाठवायचा वार ठरवून ठेवा, कारण न पाठवलेल्या नोंदी त्या एकाच मोबाइलमध्ये असतात. तो पाण्यात पडला की नोंदी गेल्या. म्हणून रजिस्टरही ठेवायचं.

नावांचा चुराडा बहुधा दोन कारणांनी होतो. एक, कृतिदेवसारखा जुना फाँट. त्यात पडद्यावर ‘सुनीता’ दिसते, आत इंग्रजी अक्षरं असतात. जुन्या फायली आधी युनिकोडमध्ये बदला, जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा. दोन, सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) साठवताना ‘यूटीएफ-८’ हा युनिकोड जपणारा पर्याय न निवडणं. तिथंच आणखी एक गोम : आभा क्रमांक, म्हणजे रुग्णाचा डिजिटल आरोग्य क्रमांक, १४ अंकी असतो. रकाना आधी ‘टेक्स्ट’ केला नाही तर एक्सेल तो ९.१E+१३ असा दाखवतं, आणि सीएसव्ही साठवलं की शेवटचे अंक परत येत नाहीत. तारखांचंही तसंच, ०५/०७ हा जुलै की मे हे संगणकाच्या सेटिंगवर ठरतं. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहा.

सर्व्हर तुमच्याकडं असेल तर तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ आणि २०२१ चा पूर कोल्हापूर जिल्ह्यानं पाहिलाय. पोस्टग्रेसचा (डीएचआयएस-२ चा डेटा साठतो त्या डेटाबेसचा) बॅकअप रोज रात्री घ्या. त्यातून ‘ॲनालिटिक्स’नं सुरू होणारे तक्ते वगळले तर फाइल बरीच लहान होते, ते पुन्हा तयार करता येतात. एक प्रत कुलूपबंद करून दुसऱ्या गावी. दर तीन महिन्यांनी तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून गेल्या महिन्याची प्रसूतींची बेरीज रजिस्टरशी जुळवा. आणि गरोदर मातांची नावनिशीवार यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं बंद करा; ग्रुपमधून बदलून गेलेल्यांच्या मोबाइलमध्येही ती राहते.