गल्ल्यातले 7,850 आणि तिवंध्यातला वाडा

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. गेल्या महिन्यात नाशिकमध्ये अ‍ॅनिमे (जपानी कार्टून) आणि कॉमिक्सच्या चाहत्यांचा दोन दिवसांचा मेळावा झाला. तिथे तिने स्वतःच्या चित्रांचं टेबल लावलं आणि 7,850 रुपयांची विक्री झाली. आता ती इंजिनिअरिंगचं नाव काढू देत नाही. तिचे बाबा म्हणतात, ‘जत्रेत दुकान मांडलं म्हणजे करिअर होत नाही.’ मला दोघांचंही पटतं. तिच्या हिशेबाच्या वहीचे फोटो सोबत पाठवतेय.
— एक आई, इंदिरानगर, नाशिक

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रापेक्षा मी त्या वहीपाशी जास्त वेळ थांबले. सतरा वर्षांच्या मुलीने, कुणी न सांगता, प्रत्येक विक्रीपुढे वेळ लिहिली आहे. नेट चालेना म्हणून पैसे न देता परत गेलेली तीन गिऱ्हाइकंसुद्धा टिपली आहेत. मला तिचं फार कौतुक वाटलं.

आधी पैशांचं बोलू. टेबलाचं भाडं 2,500, प्रिंट 2,640, स्टिकर 900, चित्रं लावायची जाळी आणि टेबलक्लॉथ 650. म्हणजे 6,690 खर्च वजा जाता हाती उरले 1,160. त्यात तिच्या दोन महिन्यांच्या संध्याकाळी धरलेल्याच नाहीत. हे तिला नीट दाखवा, पण खिजवण्यासाठी नको. पहिल्याच वेळी खर्च भागवून वर हजार रुपये उरणं चांगलं आहे. मात्र त्यावर घर चालत नाही, हेही तिने बघावं.

खरी गोष्ट पुढच्या पानावर आहे. 110 स्टिकरचे 4,400 आणि गाजलेल्या पात्रांच्या 14 प्रिंटचे 2,100, म्हणजे 6,500 रुपये दुसऱ्यांनी घडवलेल्या पात्रांवर आले. तिच्या स्वतःच्या चित्रांच्या, म्हणजे गोदाघाट, सराफ बाजार, सायकलवरचा दूधवाला यांच्या, फक्त 9 प्रिंट गेल्या : 1,350 रुपये. यावरून ती म्हणते की पुढच्या वेळी सगळी पात्रंच काढणार.

इथे तिला थांबवा. ती पात्रं कुणाच्या तरी मालकीची आहेत. आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा आहे आणि परवानगीशिवाय असा माल विकणं त्यात बसत नाही. चाहत्यांच्या मेळाव्यात बऱ्याचदा कुणी हटकत नाही, पण हटकलं तर तिच्याकडे उत्तर नाही. हात बसायला पात्रं जरूर काढावीत, वहीत ठेवावीत. पोटापाण्याचा पाया त्यांच्यावर घालू नये.

आणि वेळेचा रकाना बघा. तिच्या स्वतःच्या 9 प्रिंटपैकी 7 रविवारी संध्याकाळी पाचनंतर गेल्या आहेत. तुम्हीच लिहिलंय की तेव्हा मुलांना न्यायला पालक आले होते. म्हणजे ही चित्रं कमी पडली नाहीत, दिवसभर त्यांचं गिऱ्हाईकच तिथे नव्हतं.

हे मी इतक्या कळकळीने सांगतेय, कारण माझ्या बाबतीतही असंच झालं. कॉलेजात असताना एका दिवाळी प्रदर्शनात मी हाताने रंगवलेली भेटकार्डं मांडली होती. आयोजकांनी ऐनवेळी ठरलेली जागा बदलून जिन्याखालचा कोपरा दिला. दोन दिवसांत 11 कार्डं गेली. मी घरी येऊन रंग माळ्यावर टाकले आणि वर्षानुवर्षं समजत राहिले की मला चित्रं जमत नाहीत. जागा वाईट होती, हे मला कुणी म्हणालं नाही.

तुमच्या पत्रात एक ओळ जाता जाता आली आहे. एक काका सराफ बाजाराच्या चित्रासमोर दहा मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, ‘जुन्या नाशकात तिवंध्यात आमचा वाडा आहे, पाडायचं ठरलंय. त्याआधी काढून देशील?’ तिने नंबर घेतला, पण किती पैसे सांगायचे ते कळेना म्हणून फोन केला नाही. ताई, मला सगळ्या पत्रात ही ओळ सर्वांत मोलाची वाटते. स्टिकर तिने मांडले आणि लोकांनी उचलले. इथे मात्र तिचा हात बघून एका माणसाने तिला काम दिलंय.

भाव असा काढावा : जाऊन स्केच करायला किती तास, घरी रंगवायला किती तास, त्याला ती मागेल तो तासाचा दर, वर कागद-रंगांचा खर्च. आकार, तारीख आणि बदल किती वेळा करून देणार, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यावं. निम्मे पैसे आधी. आकडा सांगून झाला की गप्प बसावं. नवी मुलं लगेच ‘पण कमी करता येईल’ म्हणतात, तेवढं टाळायला सांगा.

आता शिक्षण. सायन्स सोडू नये, बारावी नीट करावी. डिझाइनची दारं सायन्सवाल्यांनाही उघडी आहेत. आयआयटी मुंबई घेते ती डिझाइनची यूसीड प्रवेश परीक्षा कुठल्याही शाखेच्या मुलांना देता येते, आणि ती लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते. तिचा फॉर्म दिवाळीच्या आसपास भरायचा असतो, परीक्षा जानेवारीत. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट ही परीक्षा आहे, बी.एफ.ए. या कलेच्या पदवीसाठी राज्याची कला सीईटी आहे. इंजिनिअरिंगची सीईटीही द्यावी. तिच्या बाबांचा धीर त्याने टिकेल आणि तिचं काही जाणार नाही. पण पोर्टफोलिओत दूधवाला आणि घाट असू देत, स्टिकर नकोत.

बाबांना एवढं सांगा, जत्रा म्हणायला माझी हरकत नाही. टोकियोत आज लाखोंची गर्दी खेचणारा कॉमिकेट हा कॉमिक्सचा मेळावा 1975 साली चाहत्यांच्या 32 गटांच्या टेबलांवरच सुरू झाला. तुमची मुलगी यातून इंजिनिअरिंगकडे वळेल की चित्रांकडे, हे मला आज सांगता येणार नाही. तुम्हालाही आज ठरवायची गरज नाही.

या रविवारी बाबांनाच तिच्याबरोबर तिवंध्यात पाठवा. सकाळी लवकर, वाड्याच्या चौकात ऊन उतरतं तेव्हा. आणि फोन आजच करायला सांगा, पाडकामाचे मजूर कधी येतील त्याचा नेम नाही.