वाचकांचे प्रश्न : व्हॅक्यूम क्लीनर थरथरतो तेव्हा

प्रश्न : दिवाळीपूर्वी घराला रंग देताना भिंती घासल्या आणि खाली पडलेली पुट्टीची पूड आमच्या 1400 वॅटच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घेतली. आठवडाभर यंत्र नीट चालले. मग एके दिवशी अचानक ते थरथरू लागले. आता हाताला मुंग्या येतात आणि यंत्र फरशीवर आपोआप सरकते. दुरुस्ती केंद्रातील माणसाने ते न उघडताच मोटर बदलण्यास सांगितले असून तो खर्च नव्या यंत्राच्या जवळपास निम्मा आहे. काय करावे?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : मोटर बदलण्याची घाई करू नये. यंत्र आठवडाभर नीट चालले आणि मग अचानक थरथरू लागले, ही आपण सहज लिहिलेली गोष्टच निदानाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे.

भिंतीची पुट्टी बहुधा पांढऱ्या सिमेंटची असते आणि तिची पूड इतकी बारीक असते की कापडी पिशवीतून ती थेट मोटरच्या पंख्यापर्यंत पोहोचते. तेथे हवेतील ओल लागली की पात्यांवर तिचा थर धरतो. थर सगळीकडे सारखा असेपर्यंत काही जाणवत नाही. पण एका बाजूची खपली निघाली की पंख्याचा तोल जातो. ही मोटर मिनिटाला वीस हजारांहून अधिक फेरे घेऊ शकते. वीस हजार फेरे धरले, तर मध्यापासून पाच सेंटिमीटरवर चिकटलेली अवघी एक दशांश ग्रॅम पूड सुमारे सव्वादोन किलो वजनाइतका ओढा निर्माण करते आणि त्या ओढ्याची दिशा सेकंदाला तीनशेहून अधिक वेळा फिरत राहते. यंत्र सरकते ते यामुळे.

तरीही दोष पंख्याचा की बेअरिंगचा, म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्याचा, हे उघडण्याआधी ठरवावे. नळी काढून यंत्र क्षणभर चालवावे; थरथर तशीच राहिली तर नळी आणि नोझल निर्दोष आहेत. मग बटण बंद करून, मोटर थांबेपर्यंत यंत्राच्या पाठीवर तळहात ठेवून ऐकत राहावे. चालू असताना हवेच्या घोंगावण्यात बाकीचे आवाज बुडून जातात. खरे ऐकू येते ते मोटर मंदावताना. ती गुळगुळीत सूं करत सावकाश थांबली आणि मधल्या एखाद्या वेगाला थरथर क्षणभर वाढून ओसरली, तर संशय पंख्याच्या तोलावर घ्यावा. खर्र असा कोरडा आवाज येऊन ती चटकन थांबली, तर बेअरिंगमधील ग्रीस आटले आहे किंवा त्यात पूड शिरली आहे.

वॉरंटी संपली असेल तरच, आणि प्लग भिंतीतून काढून, एखाद्या जाणत्या कारागिराकडून यंत्र उघडून घ्यावे. पंख्याची पाती कोरड्या, मऊ ब्रशने स्वच्छ करावीत. स्क्रूड्रायव्हरने खरवडल्यास पातळ पत्रा वाकतो आणि तोल कायमचा बिघडतो. काही मोटरींत पंख्याचा नट उलट्या आट्यांचा असतो, म्हणून जोर लावण्यापूर्वी आटे पाहावेत. बेअरिंग बदलायचे असेल तर त्याच्या कडेवर कोरलेला क्रमांक वाचावा. बऱ्याच मोटरींत 608 क्रमांकाचे, म्हणजे आतून 8, बाहेरून 22 आणि जाडीला 7 मिलिमीटर असे बेअरिंग असते आणि ते बेअरिंगच्या कोणत्याही बऱ्या दुकानात मिळते. मोटर उघडलीच आहे, तर कार्बनही, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे छोटे ठोकळेही, पाहून घ्यावेत. ते फार झिजले असतील तर जुना नमुना खिशात टाकून पुण्यातील विजेच्या सामानाच्या बाजारात, तपकीर गल्लीत, विचारावे. मोटर ज्या रबरी गाद्यांवर टेकलेली असते त्या कडक झाल्या असतील तर त्याही बदलाव्यात, कारण अशा गाद्या थरथर शोषून न घेता सगळी खोक्याला देतात. आर्मेचर, म्हणजे मोटरमधील तारा गुंडाळलेला फिरता भाग, जळल्याचा वास असेल, तर मात्र मोटर बदलण्याचा सल्ला बरोबर मानावा.

आणि यापुढे पुट्टीसाठी ओले फडके वापरावे.

प्रश्न : आमचे यंत्र थरथरत नाही, पण त्याचा आवाज दिवसेंदिवस चिरका होत चालला आहे आणि ओढही कमी झाली आहे. मोटरवर ताण येतो आहे का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : ताण येतो असे वाटते खरे, पण प्रत्यक्षात उलटे घडते. वाट अडली की पंख्याला ढकलायला हवाच उरत नाही, भार हलका होतो, मोटर अधिक वेगाने धावते आणि आवाज चढतो. धोका तापण्याचा आहे, कारण साध्या कोरड्या यंत्रांत ओढलेली हवाच पुढे मोटरला थंड ठेवते. पिशवी रिकामी करावी, फिल्टर झटकावा आणि नळी सरळ उभी धरून वरून एक गोटी सोडावी. ती खाली आली नाही तर अडथळा नळीतच आहे. आमच्याकडे आलेल्या अशाच एका नळीतून रांगोळीत गोळा झालेले केस आणि एक सेफ्टी पिन निघाली होती. हेपा फिल्टरवर (अतिसूक्ष्म धूळ अडवणाऱ्या फिल्टरवर) धुण्याजोगा असल्याचे लिहिले नसेल तर तो पाण्याखाली धरू नये. वाट मोकळी असूनही शिट्टी वाजत राहिली, तर झाकणाची रबरी कडा किंवा नळीला पडलेली चीर पाहावी. तेथे बोट ठेवताच शिट्टी बंद होते.

प्रश्न : बिनवायरचे यंत्र फरशीवर शांत चालते, सतरंजीवर मात्र खडखडते.
— एक वाचक, हडपसर

उत्तर : फिरत्या ब्रशला केस गुंडाळले असावेत. ब्रश बाहेर काढून कात्रीने त्याच्या लांबीच्या दिशेने केस कापावेत आणि दोन्ही टोकांच्या टोप्या काढून आतही पाहावे, कारण तेथे दडलेला दोरा हाताला लागत नाही. त्यानंतरही खडखड राहिली तर टोकाचा बुश, म्हणजे ब्रशचे टोक ज्यात फिरते ती छोटी नळी, झिजला आहे.