पोलिओ घालवण्यात स्वयंसेवकांनी नक्की काय केलं? लस तर सरकारच देतं ना?

लस सरकारची, पण ती प्रत्येक पोराच्या तोंडात पोचवायला माणसं लागतात हो! रोटरी क्लबवाल्यांनी 1985 ला पोलिओप्लस नावाची पोलिओ हटवायची मोहीम सुरू केली, पैसे तर उभे केलेच पण जगभरातले मेंबर स्वतः बूथवर उभे राहिले. 1988 ला जागतिक मोहीम सुरू झाली तेव्हा वर्षाला साधारण साडेतीन लाख मुलं लुळी पडत होती, विचार करा.

मी कॉलेजात असताना पल्स पोलिओच्या बूथवर बसलोय. रविवारी बूथ आणि मग पुढचे दिवस घरोघर, खांद्याला बर्फाच्या पिशव्या भरलेला लसीचा डबा. बाटलीवर लस उष्णतेने खराब झालीय का ते दाखवणारी खूण असते, तिच्या गोलातला चौकोन गोलाइतका गडद झाला की ती लस वापरायची नाही, हे आधीच पक्कं शिकवलेलं. दोन थेंब पाजले की बाळाच्या डाव्या करंगळीवर मार्करची खूण आणि दारावर खडूने पी, कोणी राहिलं असेल तर एक्स, आणि त्या एक्सवाल्या घरी परत जायचंच. कुणी दार लावून घ्यायचं, मग शेजारच्या आजींना सोबत घेऊन जायचो, त्यांचं बरोबर ऐकायचे.

भारतातली शेवटची केस जानेवारी 2011, हावडा. 2014 ला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं. पण पाकिस्तान-अफगाणिस्तानात व्हायरस अजून आहे आणि तिकडे लस देताना कितीतरी कार्यकर्ते मारले गेलेत, बऱ्याच बायकाच. म्हणून सांगतो, घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर पोलिओ रविवार चुकवू नका.