लेकीची गिटार आणि तुमची पेटी

तासगावहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"मुलगी आठवीत आहे. मे महिन्यात पुण्याहून तिचा मामा आला आणि स्वतःची जुनी गिटार तिला देऊन गेला. इथे आमच्या ओळखीत गिटार शिकवणारं कुणी नाही आणि सांगलीला क्लासला पाठवणं जमण्यासारखं नाही. जून-जुलैमध्ये ती मोबाइलवर बघून दोन गाणी शिकली. मला फार आनंद झाला. मग मी सकाळी साडेपाच ते साडेसहा अशी वेळ ठरवून दिली, भिंतीवर तक्ता लावला. रोज एक धडा आणि दर रविवारी एक व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर. दिवाळीपासून बोटं दुखतात म्हणून टाळते. तीच ती दोन गाणी, पुढे सरकत नाही. तिची आई म्हणते, संध्याकाळी मी पतसंस्थेतून यायच्या आत वाजवते, माझी गाडी वाजली की ठेवून देते. मी लहानपणी पेटी शिकत होतो, ती अर्धवट राहिली. तिला अर्धवट सोडायची सवय लागू नये. गुरूशिवाय हात बिघडतो म्हणतात, तर घरच्या घरी जमेल का? ग्रेडच्या परीक्षा द्याव्यात का, दहावीला त्याचे गुण मिळतात का, आणि पुढे यात करिअर आहे का?"

सप्रेम नमस्कार.

प्रश्न तुम्ही बरेच विचारलेत. मी मात्र एका वाक्यापाशी अडकले, आणि ते वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. तुमची गाडी वाजली की ती गिटार ठेवून देते.

म्हणजे तिने काहीही अर्धवट सोडलेलं नाही. शिकवायला कुणी नाही, बोटं दुखतायत, तरी ती आपल्या मनाने वाजवते आहे. तिने सोडलंय ते फक्त तुमच्यासमोर वाजवणं. पत्रातल्या तारखा जरा शेजारी शेजारी ठेवून बघा. ती दोन गाणी तक्ता लागायच्या आधीची आहेत. तक्ता लागल्यानंतर तिसरं गाणं आलेलं नाही. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही, तुम्हीच लिहिलंय. त्यामुळे तिच्यात चिकाटी नाही, हा तुमचा निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही.

रविवारचा व्हिडिओ तर याच रविवारपासून बंद करा. तुम्ही तो कौतुकाने पाठवत असणार, याबद्दल मला शंका नाही. पण शिकणाऱ्याला चुकायला जागा लागते. कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांचा गट, बदलताना हात अडखळतो, तार भसकन वाजते, मध्येच थांबावं लागतं. हे सगळं आठवड्याच्या आठवड्याला काका-मामा-आत्यांसमोर मांडलं जाणार असेल, तर तेरा वर्षांचं कुठलंही मूल काय करेल? जे पक्कं येतं तेच पुन्हा पुन्हा वाजवेल. तीच ती दोन गाणी का, याचं उत्तर बहुधा इथेच आहे. तक्ताही काढा. काढताना तिला भाषण देऊ नका, नुसता काढून टाका.

आता तुमच्या पेटीबद्दल. ती का राहिली हे तुम्ही लिहिलेलं नाही, मी विचारतही नाही. पण ती खंत पत्रातून वर येते आहे आणि ती खरी आहे. माझ्याकडे येणाऱ्या पालकांपैकी कितीतरी जणांच्या मनात असं एखादं राहिलेलं काहीतरी असतं. कुणाचं चित्र, कुणाचं क्रिकेट, कुणाचं इंजिनिअरिंग. मूल त्या रस्त्याला लागलं की आनंद होतो, आणि त्या आनंदातच जुनी थकबाकी मुलाच्या नावावर टाकली जाते. तुम्ही पतसंस्थेत काम करता. एकाचं कर्ज दुसऱ्याच्या खात्यातून वळतं करता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पेटी तुमची राहिली आहे. ती तुम्हीच पुन्हा काढायला हवी, आणि मी ही गोष्ट अगदी शब्दशः म्हणते आहे. त्याकडे पुन्हा येते.

गुरूशिवाय हात बिघडतो, या समजाबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण तो निम्मा खरा आहे. ख्यालगायकीत गुरू लागतोच. स्वराचा लगाव, रागाची चाल कागदावर उतरत नाही, ती समोर बसूनच घ्यावी लागते. व्हायोलिनला पडदे नसतात, बोट केसभर सरकलं तरी सूर ढळतो, तिथेही पहिल्या दिवसापासून कुणीतरी कान धरणारं हवं. गिटारचं तसं नाही. तिच्या मानेवर फ्रेट, म्हणजे धातूचे आडवे पडदे, बसवलेले असतात. तार नीट लावलेली असेल आणि बोट फ्रेटच्या अलीकडे, अगदी त्याला लागून पडलं, तर सूर जवळपास बरोबरच येतो. म्हणून गाण्याला साथ करण्याइतकी गिटार कितीतरी मुलं आपापली शिकतात. बिघडतो तो हात मोजक्या सवयींनी. अंगठा मानेच्या मागे राहण्याऐवजी मूठ आवळल्यासारखा वर चढतो, मनगट काटकोनात मोडतं, आणि फ्रेटपासून लांब बोट ठेवून ते जीव खाऊन दाबलं जातं. या गोष्टी आरशासमोर बसलं तर तिला स्वतःलाही दिसतात. शिवाय दोन-तीन महिन्यांतून एकदा सांगलीला एखाद्या वाजवणाऱ्याकडे तासभर नेऊन फक्त तिचे हात बघायला सांगा. क्लास लावायची गरज नाही, ही तपासणी पुरे. आणि एक फरक ध्यानात ठेवा. बोटांची टोकं दुखणं हे साहजिक आहे, नियमित वाजवलं की काही आठवड्यांत तिथे घट्टे पडतात आणि दुखणं ओसरतं. मनगट दुखलं किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर मात्र त्या दिवशी थांबायचं.

पण जूनपासून वाजवणाऱ्या मुलीची बोटं दिवाळीनंतरही दुखतायत, हे मला खटकलं. मला संशय गिटारवर आहे. तिच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या. बारावा फ्रेट शोधा. तारेच्या दोन्ही टेकूंच्या बरोबर मधोमध तो येतो, बहुतेक गिटारींवर तिथे दोन ठिपके असतात. त्या फ्रेटच्या माथ्यापासून सर्वांत जाड तारेच्या खालच्या बाजूपर्यंत किती अंतर आहे ते मोजा. स्टीलच्या तारांच्या गिटारवर ते अडीच मिलिमीटरच्या आसपास असावं. साडेतीन-चार भरलं, तर ती गिटार मोठ्या माणसालाही जड जाईल, आणि तुम्ही इतके दिवस ती टाळते असं म्हणत आलात ते चुकलं. जुन्या गिटारींचं हे होतंच. वर्षानुवर्षं ताण बसून मान वाकते, ब्रिज, म्हणजे तारांची घोडी, उचलला जातो. तारा गंजलेल्या असतील तर बोटं आणखी सोलवटतात.

याला इलाज आहे, आणि तुमच्या तर दाराशी आहे. मिरजेत सतार-तंबोरे घडवणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. गिटार हे त्यांचं मूळ काम नव्हे. पण घोडीवर कानस फिरवून जवारी लावणाऱ्या, म्हणजे तारेचा झंकार जुळवणाऱ्या माणसाला तारेची उंची म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. ते स्वतः करतील, नाहीतर कोणाकडे जायचं ते सांगतील. तारांचा नवा संच घालताना हलका, म्हणजे दहा नंबरचा मागा. मात्र मामाची गिटार नायलॉनच्या तारांची असेल, तर तिच्यावर स्टीलच्या तारा चढवू नका. तो ताण तिला पेलत नाही, ब्रिज उखडतो. गिटार नेताना मुलीला बरोबर घ्या आणि तिथे तिलाच बोलू द्या. कुठली तार टोचते, कुठे खरखरते, हे तिला माहीत आहे, तुम्हाला नाही.

आणि आता पेटी. घरात असेल तर खाली काढा, नसेल तर भजनी मंडळातून काही दिवसांसाठी मागून आणा. गिटारच्या सहा तारा जाडीपासून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. तुमच्या भाषेत सांगायचं तर पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि वरच्या अंगाला पुन्हा पांढरी तीन. सहाच्या सहा तारा पांढऱ्या पट्ट्यांवर! मोबाइलवरचा ट्यूनर हे काम फुकट करतो, एरवी तिने तोच वापरावा. पण पेटी जुनी असली तर तिचा सूर ट्यूनरशी किंचित जुळणार नाही. म्हणून दोघांना एकत्र वाजवायचं असेल तेव्हा गिटार पेटीवर लावावी लागते. भाता तुम्ही हलवायचा, पट्टी धरून ठेवायची, आणि खुंटी तिने पिळायची. ती "झालं" म्हणेपर्यंत सूर सोडायचा नाही आणि मध्ये बोलायचं नाही.

एक एक फ्रेट म्हणजे पेटीची पुढची एक एक पट्टी, काळी-पांढरी सगळ्या धरून. बारा फ्रेट चढलं की तोच सूर वरच्या सप्तकात. हे तुम्ही दोघांनी मिळून शोधून काढलंत, तर कुठल्याही धड्यापेक्षा जास्त लक्षात राहील. पण तिने विचारलं तरच. तुम्ही पेटी स्वतःसाठी वाजवा, जिथे राहिली होती तिथून. तिला ऐकू जाईल अशी वाजवा, चुकत वाजवा. वडिलांनाही अडखळताना तिने पाहिलं पाहिजे.

सरावाला दिवसाला पंधरा-वीस मिनिटं पुरतात, आणि वेळ ती ठरवेल. पहाटे साडेपाचला थंड बोटांनी तारा दाबायला लावू नका. ई मायनर, जी, सी, डी एवढ्या कॉर्डवर पुष्कळ गाणी उभी राहतात. एफ लवकर येत नाही, कारण एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबाव्या लागतात. तिथे अडली तर तिला अडू द्या, तोवर ती कॅपो, म्हणजे मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून काम चालवेल. आणि तीच दोन गाणी पुन्हा पुन्हा वाजवणं हाही सरावच आहे. पेटीवर अलंकार किती वेळा घोटलेत, आठवा.

परीक्षांचं एका ओळीत सांगते. ट्रिनिटी आणि रॉकस्कूल या परदेशी परीक्षासंस्थांच्या ग्रेड आठव्यापर्यंत असतात आणि त्या घरी शिकूनही देता येतात, पण तिने स्वतः मागितल्याशिवाय नको. दहावीला कलांचे वाढीव गुण मुख्यतः शास्त्रीय गायन-वादन-नृत्य, लोककला आणि चित्रकला यांसाठी आहेत. गिटारच्या ग्रेडवर ते मिळतील हे गृहीत धरू नका, शाळेत विचारून घ्या.

करिअरच्या प्रश्नाला मी आज उत्तर देणार नाही. वादक, शिक्षक, ध्वनिमुद्रण, संगीत संयोजन, या वाटा आहेत. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-प्रशिक्षण संस्थेतला ध्वनीचा अभ्यासक्रमही आहे, पण तो पदवीनंतरचा. आठवीतल्या मुलीच्या पाच महिन्यांच्या छंदावर हा प्रश्न ठेवला तर छंद मोडेल. सोबत मिळकतीचा हिशेब आला की वाजवण्यातली मजा जाते, आणि सध्या तिच्याजवळ तेवढीच एक गोष्ट आहे. दहावीनंतर तिला वाटलं तर तिने विचारावं. मी सविस्तर उत्तर देईन.

आणि एक विनंती. पुढचे काही दिवस संध्याकाळी गाडी कोपऱ्यावरच बंद करा आणि घरापर्यंत चालत या. आतून गिटार ऐकू आली तर गाणं संपेपर्यंत बाहेर थांबा. आत गेल्यावर ऐकल्याचं सांगू नका, चहा घ्या, पेटी काढा. ती कधी उठून तुमच्याजवळ येईल, हे मला सांगता येणार नाही. आल्यावर मात्र मला कळवा. ते पत्र तिने लिहिलं तर अधिक आवडेल.